बिगुनियाची हवा

गेल्या श्रावणांत आमच्या शाळेंतील आठवीच्या वर्गाची सहल महाबळेश्वरास गेली होती. वाई सोडून पसरणीचा घाट चढूं लागतांच गाडींत धुकें शिरलें, आणि सोलापूरच्या मुलांनीं जन्मांत प्रथमच ढग मुठींत धरण्याचा प्रयत्न केला. दुसरे दिवशीं सकाळीं एका अरुंद पाऊलवाटेनें जात असतां डाव्या अंगास एक ओलाचिंब कातळ लागला. त्यावर मखमलीसारखें शेवाळ माजलें होतें, आणि त्या शेवाळांत, नखभर मातीच्या आधारानें, शेंकडों नाजूक रोपें उगवलीं होतीं. पानें एका अंगास कललेल्या हृदयाच्या आकाराचीं, देठ लालसर व पाणीदार, आणि वर फिकट गुलाबी फुलें. आम्हीं मुलांस थांबविलें व म्हटलें, "हा आपल्या सह्याद्रीचा बेगोनिया. शास्त्रांत यास बेगोनिया क्रेनाटा म्हणतात. कांहीं फुलांच्या मागें तीन पंखांची इवलीशी पेटी दिसते ना? तीं मादी फुलें. ज्यांच्यामागें ती नाहीं, तीं नर फुलें. दोन्ही एकाच रोपावर येतात."

मुलें पाहून पुढें गेलीं. आम्ही सर्वांच्या शेवटीं चालत होतों. वळणावर मागें वळून पाहतों तों एक विद्यार्थी कातळाशींच राहिलेला. त्याच्या मुठींत एक रोप, आणि रोपाच्या बुडाशीं वाटाण्याएवढा कंद. आम्हांस पाहतांच तो ओशाळला. "सर, आपल्या शाळेंत लावायला घेतलंय," तो म्हणाला, "मी रोज पाणी घालीन."

हे शब्द कानीं पडले, आणि त्यास रागें भरावयाचें तें तसेंच राहिलें. वीस वर्षांपूर्वीं नेमके हेच शब्द आम्हीं एका माणसास म्हटले होते. ती हकीकत आम्हीं त्या मुलास तेथेंच, कातळाशीं उभें राहून, थोडक्यांत सांगितली. आज ती आमच्या सर्व विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस जरा विस्तारानें सांगावी, असें मनांत आहे.

आमचे वडील, त्यांस आम्ही अण्णा म्हणत असूं, महाबळेश्वरीं एका जुन्या बंगल्यावर माळी होते. बंगल्याचे मालक वर्षांतून दोनदां येत. एरवीं ती बाग अण्णांची व अण्णा त्या बागेचे असत. बेगोनिया हा शब्द त्यांच्या जिभेवर 'बिगुनिया' असा बसला होता. आम्ही शिकूनसवरून शिक्षक झाल्यावर त्यांचा तो उच्चार दोन-चार वेळां सुधारून पाहिला. पण तो अखेरपर्यंत तसाच राहिला. तेव्हांपासून ते मात्र आम्हांस 'मास्तर' म्हणूं लागले. त्या हांकेंत अभिमान किती व थट्टा किती, याचा उलगडा आम्हांस कधींच झाला नाहीं.

त्या बागेंत बेगोनियाचे चार प्रकार होते, आणि प्रत्येकाची जागा अण्णांनीं ठरवून दिलेली होती. वेताप्रमाणें कांडीं धरून उंच वाढणारा, लांबट पानांवर रुपेरी ठिपके असलेला प्रकार मागच्या भिंतीलगत, झाडांच्या विरळ सावलींत, जमिनींतच लावलेला असे. रंगीबेरंगी पानांचा प्रकार नेच्यांच्या शेजारीं, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या कुशींत असे. बारा महिने फुलणारा, मेणचट पानांचा ठेंगणा प्रकार वाटेच्या दुतर्फा, जेथें सकाळचें कोंवळें ऊन येई तेथें असे. आणि गुलाबाएवढीं भरदार फुलें देणारा कंदांचा प्रकार पडवीच्या कडेस कुंड्यांत असे. कारण त्याच्या मऊ देठांस आषाढाचा मारा सोसत नाहीं. पावसाळ्यासाठीं बंगल्यास गवताच्या तट्ट्या बांधल्या, कीं त्यांच्या आंतल्या अंगास या कुंड्यांची रांग लागे. पुढें हिवाळ्यांत पानें पिंवळीं पडलीं, कीं अण्णा त्यांचें पाणी तोडीत, आणि "निजू द्या त्यास्नी आता," असें म्हणून कुंड्या आडव्या करून ठेवीत. फाल्गुनाच्या सुमारास कंदास गुलाबी डोळा फुटला, कीं मग नवी माती व पहिलें पाणी.

या झाडाच्या मागण्या चारच, असें अण्णा सांगत. ऊन हवें, पण पानांतून गाळून आलेलें. वारा हवा, पण ओला. पाणी हवें, पण वाहून जाणारें; सांचलेलें नको. आणि रात्र गार हवी. या शेवटच्या मागणीवर त्यांचा भर फार. "रात गार आसंल, तर दिवस कसाबी निघतो," असें ते म्हणत.

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारें १,३५० मीटर उंच आहे. वैशाखांतहि तेथें पारा ३२ अंशांच्या पुढें क्वचितच चढतो, व दिवस मावळला कीं अंगावर कांहींतरी घ्यावेसें वाटतें. वर्षाकांठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. इतक्या पावसांत मुळें कुजावयास हवीं. परंतु त्या डोंगराच्या माथ्यावर जांभा दगड आहे. जांभा सच्छिद्र असतो, आणि त्याची तांबडी माती पाणी घेते व लगेच सोडूनहि देते. म्हणून अण्णा बेगोनिया वाढवीत असत असें म्हणण्यापेक्षां, तेथील हवा त्यास वाढवीत असे व अण्णा त्या हवेच्या आड येत नसत, असें म्हणणें अधिक खरें होईल. हें आम्हांस फार उशिरां कळलें.

सन १९९६ मध्यें आम्ही सोलापुरास शिक्षकाच्या नोकरीवर रुजू झालों. सन २००२ मध्यें आमच्या मातोश्री वारल्या, आणि अण्णा एकटे पडले. एकटा बाप डोंगरावर व कमावता मुलगा शहरांत, हें लोकांस कसें दिसेल, या विचारानें आम्हांस चैन पडेना. लोकांस कसें दिसेल हा विचार अगोदर आला, व अण्णांस कसें वाटेल हा मागाहून आला, ही गोष्ट आज कबूल केली पाहिजे. सन २००३ च्या कार्तिकांत आम्ही त्यांस घेऊन आलों. ते 'नाहीं' म्हणाले नाहींत. एक वळकटी, एक पत्र्याची पेटी व बेगोनियाच्या बारा कुंड्या, एवढें त्यांचें सामान टेंपोंतून उतरलें. "अण्णा, तुम्ही आतां विश्रांति घ्या, कुंड्यांना मी रोज पाणी घालीन," असें आम्हीं त्यांस पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें.

मार्गशीर्ष व पौष या दोन महिन्यांत सोलापूरची हवा मोठी गोड असते. कुंड्या टवटवीत राहिल्या. शेजारपाजारचे लोक पाहावयास येत, आणि आम्ही मोठ्या प्रौढीनें त्यांस झाडांचीं नांवें सांगत असूं. अशांत एके दिवशीं मधल्या सुट्टींत अण्णा शाळेच्या आवारांतील फुलांच्या वाफ्यापाशीं खुरपें घेऊन बसलेले आम्हांस दिसले. मुलें भोंवतीं उभीं राहून पाहत होतीं. आम्ही घाईनें गेलों, त्यांच्या हातांतील खुरपें घेतलें व हळूच म्हटलें, "अण्णा, मास्तरांच्या वडिलांनीं हें काम करूं नये." बोलतांना तो आदरच आहे, असें आमच्या मनानें आम्हांस पटवून दिलें होतें. अण्णांनीं हात झटकले, धोतरास पुसले आणि ते घरीं गेले. सोलापुरांत पुनः त्यांनीं खुरप्यास हात लावला नाहीं.

फाल्गुन लागला, आणि पानांच्या कडा करपूं लागल्या. चैत्रांत देठ एकाएकीं माना टाकूं लागले. आम्हीं पाणी वाढविलें. प्रथम सकाळ-संध्याकाळ, मग दुपारींहि. अण्णा एकदांच म्हणाले, "पानी जास्त झालं, मास्तर. तहान मुळाला न्हाई, पानाला हाय." आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. झाड वाळत असतां त्यास पाणी कमी घालावें, हें आमच्या विद्येंत बसेना.

अण्णांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. बेगोनियाचें पान पसरट व मऊ असतें. कोरड्या वाऱ्यांत तें जितकें पाणी उडवून टाकतें, तितकें वर चढविण्याची शक्ति त्याच्या बारीक व उथळ मुळांत नसते. पान वाळूं लागतें म्हणून आपण मुळाशीं पाणी ओततों. त्या चिखलांत हवा उरत नाहीं. मुळें गुदमरतात, कुजतात, आणि मग जें थोडें पाणी पानास पोंचत होतें तेंहि बंद पडतें. दुसरी गोष्ट रात्रीची. झाड दिवसा उजेडांत जें अन्न तयार करतें, त्यांतील कांहीं भाग तें रात्रीं श्वासोच्छ्वासांत खर्च करतें. रात्र जितकी उष्ण, तितका हा खर्च अधिक. सोलापुरांत वैशाखांतील दुपारीं पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि घरांच्या भिंती मध्यरात्रींहि हातास ऊन लागतात. अशा ठिकाणीं दिवसाची मिळकत रात्रींतच उडून जाते, व झाड दिवसेंदिवस खंगत जातें.

अण्णांचेंहि तेंच झालें. जेवण निम्म्यावर आलें. रात्रीं ते उंबऱ्यावर बसून राहत. डॉक्टरांस दाखविलें, रक्त तपासलें. वयाच्या मानानें सर्व ठीक आहे, असें कळलें. मग आम्हीं खोलींत कूलर बसविला, फळें आणलीं, शक्तीचीं औषधें आणलीं. दिवसांतून तीन-तीन वेळां "अण्णा, कांहीं हवें का?" असें विचारूं लागलों. प्रत्येक वेळीं ते "कांहीं नको" म्हणत, आणि आम्ही दुसरे दिवशीं आणखी कांहींतरी घेऊन येत असूं. कुंड्यांत जें आम्हीं केलें, तेंच घरांत चाललें होतें. पण तें आमच्या ध्यानांत येत नव्हतें.

वैशाखांतील एके रात्रीं जाग आली, तों मोरींत दिवा दिसला. जाऊन पाहतों तों अण्णा उकिडवे बसलेले, व त्यांच्यासमोर अकरा कुंड्या रिकाम्या केलेल्या. मातींतून निघालेले कंद उकडलेल्या बटाट्यासारखे बोटाखालीं दबत होते. बारावी, सर्वांत लहान कुंडी त्यांनीं आम्हांस न सांगतां मोरीच्या खिडकींत ओलाव्यास ठेविली होती. तींत रंगीत पानांच्या प्रकाराचें एकच पान शिल्लक होतें. अण्णांनीं मान वर केली नाहीं. ते म्हणाले, "मास्तर, ह्येला तेवढं घाटावर सोडून या."

स्वतःविषयीं त्यांनीं एक अक्षरहि काढलें नाहीं. आम्हीं त्या पानाकडे पाहिलें, मग त्यांच्याकडे पाहिलें, आणि मोरीच्या उंबऱ्यावर त्यांच्या शेजारीं बसलों. बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

सन २००४ च्या ज्येष्ठांत आम्ही त्यांस परत घेऊन गेलों. पसरणीच्या घाटांत पहिला गार वारा लागला, तेव्हां अण्णांनीं गाडीची कांच स्वतः खालीं केली व कुंडी पिशवींतून काढून मांडीवर घेतली. धाकट्या काकांच्या घरीं त्यांची सोय झाली, आणि बंगल्याच्या मालकांनीं बाग पुनः त्यांच्या हवालीं केली. दुसरेच दिवशीं त्यांनीं तें एकुलतें पान खुडलें, उलट्या बाजूनें त्याच्या जाड शिरांस चाकूनें खांचा दिल्या, ओल्या वाळूवर तें पसरलें व हलूं नये म्हणून वर चार खडे ठेविले. आम्ही दिवाळीच्या सुट्टींत गेलों, तों त्या खांचांपाशीं फुटलेलीं आठ रोपें आठ निरनिराळ्या कुंड्यांत उभीं होतीं. अण्णांच्या नखांत माती होती, आणि ते दोन भाकरी खात होते.

पुढें दर सुट्टींत आम्ही जाऊं, तेव्हां या झाडाविषयीं कांहीं ना कांहीं वाचून नेत असूं व रात्रीं त्यांस सांगत असूं. शार्ल प्ल्युमिए नामक फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानें मिशेल बेगों या अधिकाऱ्याच्या नांवावरून या कुळास नांव दिलें, व लिनियसनें सन १७५३ मध्यें तें कायम केलें, यांत त्यांस फारसा रस वाटला नाहीं. या कुळांत आज दोन हजारांहून अधिक जाती गणल्या जातात, हें ऐकून त्यांनीं नुसती मान हलविली. पण रंगीत पानांच्या बेगोनियाचा मूळ पुरुष आपल्याच आसामांतला, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑर्किडच्या रोपांबरोबर तो नकळत इंग्लंडास गेला, आणि सन १८५७ मध्यें त्यास 'रेक्स' म्हणजे राजा हें नांव मिळालें, असें सांगितलें, तेव्हां ते खुलून म्हणाले, "डोंगरातला हाय न्हवं? मग आपलाच."

कंदांच्या बेगोनियाची गोष्ट तर भूगोलाचा धडाच होय. त्याचे पूर्वज दक्षिण अमेरिकेंतील बोलिव्हिया व पेरू या देशांतले. रिचर्ड पिअर्स या वनस्पतिसंग्राहकानें त्यांतील कांहीं सन १८६० नंतरच्या दशकांत इंग्लंडास पाठविले, व त्यांच्या संकरांतून आजचीं भरदार फुलें निपजलीं. नकाशांत पाहिलें, तर हे देश आपल्याप्रमाणेंच उष्ण कटिबंधांत आहेत. मग त्यांचें झाड आमच्या सोलापुरांत कां जगूं नये? कारण तें अँडीज पर्वताच्या उंचावरील आहे. हवा सामान्यतः दर हजार मीटर उंचीस सहा-साडेसहा अंशांनीं थंड होत जाते. सोलापूर सुमारें साडेचारशें मीटर उंच. महाबळेश्वर त्याहून नऊशें मीटर वर. म्हणजे केवळ उंचीनेंच पांच-सहा अंशांचा फरक पडतो. त्यांत कोंकणांतून चढून येणारी ओली हवा मिळाली, कीं बेगोनियास घरीं आल्यासारखें वाटतें. म्हणूनच हा कंद उष्ण कटिबंधांतला असूनहि बेल्जममधील घेंट शहराच्या आसपास उन्हाळ्यांत उघड्या शेतांत फुलविला जाई. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर कॅपिटोला या लहानशा गांवीं समुद्रावरील धुक्याच्या आश्रयानें तो असाच बाहेर फुले, आणि त्याच्या फुलांनीं सजविलेल्या तराफ्यांचा उत्सव तेथें सन २०१७ पर्यंत भरत असे. हें सर्व आम्हीं आंकडे मांडून समजाविलें, तेव्हां अण्णा म्हणाले, "मंजी रात गार पायजे, ह्येच न्हवं?" आम्हीं वही मिटली.

अण्णा त्यानंतर साडेआठ वर्षें जगले. या वर्षांत लोकांनीं आम्हांस बोल लावला नाहीं, असें नाहीं. मुलगा मास्तर असून बाप अजून खुरपें धरतो, हें आम्हीं पुष्कळांच्या तोंडून ऐकलें. तें सोसण्यास जड गेलें नाहीं. जड गेलें तें दुसरेंच. सन २०१३ च्या जानेवारींत रात्रीं काकांचा फोन आला. मिळेल त्या गाडीनें निघालों, आणि पोंचेपर्यंत उजाडलें होतें. अण्णा पहांटेसच गेले होते. ज्या हवेंत ते जगले, त्या हवेंत आमचें घर नव्हतें. योग्य हवेची किंमत द्यावी लागते, ती ही. त्यांस सोलापुरांत ठेविलें असतें तर अखेरीस आम्ही जवळ असतों. पण ती अखेर आठ वर्षें अगोदर आली असती, असें आम्हांस वाटतें.

आमच्या वर्गांतहि दरवर्षीं एखादें-दुसरें मूल असें दिसतें, कीं ज्याची पानें कडेनें करपत आहेत. चित्रें उत्तम काढणारा मुलगा गणितांत मागें पडतो, आणि आम्ही शिक्षक व त्याचे पालक मिळून शिकवणीवर शिकवणी ओतूं लागतों. आमच्या काळजींत खोट नसते. पण तहान कोठें आहे, हें पाहावयाचें राहून जातें. पालकांस उपदेश करण्याचा आमचा अधिकार नाहीं. ज्यानें अकरा कुंड्या कुजविल्या, त्यानें एवढेंच सांगावें, कीं पाणी घालण्यापूर्वीं आम्हीं अण्णांस एकदां विचारावयास हवें होतें.

असो. त्या मुलानें कातळाशीं उभें राहून हें सर्व मुकाट्यानें ऐकलें. मग ज्या भेगेंतून तो कंद निघाला होता, तेथेंच त्यानें बोटानें जागा केली, कंद बसविला व वर शेवाळाचा तुकडा दाबला. "जगेल का, सर?" त्यानें विचारलें.

"जगेल," आम्हीं म्हटलें. "पाऊस सरला कीं वरचें सगळें सुकून जाईल, आणि नुसता कंद भेगेंत निजून राहील. पुढच्या पावसांत पुनः उगवेल."

वळणापलीकडे त्याचा दुसरा प्रश्न आला: "मग सर, आपल्या शाळेंत काय लावायचं?" आम्हीं त्यास सदाफुली, कण्हेर, बोगनवेल अशीं नांवें सांगितलीं. सहलीहून परतल्यावर त्यानें फाटकाजवळ कण्हेरीची एक फांदी खोंवली. सोलापूरच्या उन्हांत ती चांगली हातभर वाढली आहे, व तिजवर पहिल्या कळ्या दिसूं लागल्या आहेत. बेगोनिया मात्र आमच्या आवारांत नाहीं. ज्यास तो पाहावयाचा असेल, त्यानें श्रावणांत घाटावर जावें, कातळाशीं थोडा वेळ उभें राहावें, आणि रिकाम्या हातानें परत यावें.